एनबीए प्लेऑफ पहिल्यांदा पाहताना : एकच मालिका निवडा आणि ती शेवटपर्यंत पाहा

दरवर्षी एप्रिलच्या मध्यावर अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे साखळी सामने संपतात आणि प्लेऑफ, म्हणजे विजेतेपदाची बाद फेरी, सुरू होते. याच सुमारास अनेक जण या खेळाकडे पहिल्यांदा वळतात. ते इकडचे-तिकडचे दोन-तीन सामने पाहतात, दोन्ही संघांचे गुण शंभरीपार जाताना पाहून गोंधळतात आणि शेवटची पाच मिनिटे पाहिली तरी पुरते, असे ठरवून मोकळे होतात. मला ही गोष्ट मनापासून खटकते. प्लेऑफची खरी गोडी एखाद्या सामन्यात नाही. तेच दोन संघ सुमारे दोन आठवडे एकमेकांसमोर उभे राहतात आणि प्रत्येक सामन्यानंतर एकमेकांना नव्याने उत्तर देतात, यात ती आहे. पाच कसोटींची मालिका पाहत मोठ्या झालेल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज पडू नये. त्यामुळे पुढील सर्व सूचना एकाच आग्रहाभोवती आहेत: पहिल्या वर्षी सगळी स्पर्धा पाहण्याच्या मागे लागू नका, एक मालिका निवडा आणि ती पहिल्या जम्प बॉलपासून (पंच चेंडू उंच उडवून सामना सुरू करतात तिथपासून) अखेरपर्यंत पाहा.

पहिली पायरी : स्पर्धेची रचना समजून घ्या

एनबीएमध्ये ३० संघ आहेत. पूर्व आणि पश्चिम अशा दोन विभागांत ते १५-१५ असे वाटलेले आहेत. प्रत्येक संघ साखळीत ८२ सामने खेळतो, त्यांपैकी ४१ घरच्या मैदानावर. साखळीअखेर प्रत्येक विभागातील पहिले सहा संघ थेट प्लेऑफमध्ये जातात. सातव्या ते दहाव्या क्रमांकाच्या संघांना मात्र आधी ‘प्ले-इन’ची छोटी परीक्षा द्यावी लागते. तिथे सातवा संघ आठव्याशी खेळतो आणि जिंकणाऱ्याला सातवे मानांकन मिळते. नववा दहाव्याशी खेळतो आणि हरणारा घरी जातो. मग पहिल्या सामन्यात हरलेला आणि दुसऱ्या सामन्यात जिंकलेला हे दोघे आठव्या जागेसाठी भिडतात. या पद्धतीमुळे कधी विलक्षण गोष्टी घडतात. २०२३ मध्ये मायामी हीट प्ले-इनचा पहिला सामना हरले होते. दुसरा जिंकून ते आठवे मानांकन घेऊन आत आले, पहिल्याच फेरीत अव्वल मानांकित मिलवॉकी बक्सला ४-१ असे हरवले आणि थेट अंतिम मालिकेपर्यंत पोहोचले.

प्लेऑफमध्ये विभागातील पहिला संघ आठव्याशी, दुसरा सातव्याशी, तिसरा सहाव्याशी आणि चौथा पाचव्याशी खेळतो. प्रत्येक मालिका जास्तीत जास्त सात सामन्यांची असते आणि जो आधी चार सामने जिंकेल तो पुढे जातो. अशा चार फेऱ्या, म्हणजे विजेतेपदासाठी एकूण सोळा विजय लागतात. वरच्या क्रमांकाच्या संघाला पहिला, दुसरा, पाचवा आणि सातवा सामना घरी मिळतो. तिसरा, चौथा आणि सहावा दुसऱ्या संघाच्या शहरात होतो. अर्थात पाचवा, सहावा व सातवा सामना गरज पडली तरच खेळवला जातो. हा क्रम पाठ करून ठेवावा, कारण ‘मालिका २-२ आहे’ या वाक्याचा अर्थ पुढचा सामना कोणाच्या घरी आहे हे माहीत असल्याशिवाय पूर्ण होत नाही.

दुसरी पायरी : घड्याळ जुळवा

अमेरिकेतील पूर्व किनाऱ्यावर रात्री साडेआठला सुरू होणारा सामना आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दिसतो. पश्चिम किनाऱ्यावरील उशिराचे सामने साडेसातला सुरू होतात आणि ते पाहता पाहता कचेरीची वेळ होते. शनिवार-रविवारी तिकडे दुपारीही सामने असतात. दुपारी एकचा सामना आपल्याकडे त्याच रात्री साडेदहाला लागतो. नव्या प्रेक्षकाने याच सामन्यांपासून सुरुवात करणे सोयीचे असते. वेळापत्रकातील तारीख अमेरिकेची आहे की भारताची, हे एकदा तपासून घ्यावे, कारण एका दिवसाच्या फरकाने चुकलेला सामना हा नवख्या प्रेक्षकाचा नेहमीचा अनुभव आहे. थेट पाहणे जमणार नसेल, तर लीगच्या स्वतःच्या लीग पास या सेवेवर सामना नंतर पूर्ण पाहता येतो. मात्र तोवर निकाल कळू नये म्हणून फोनवरच्या सूचना बंद ठेवाव्यात. मी गेली काही वर्षे असेच करतो, आणि सकाळी सातपर्यंत घरातल्या कोणीही मला गुणसंख्या सांगू नये असा आमच्याकडे नियमच झाला आहे.

तिसरी पायरी : मालिका निवडा

पहिल्या विरुद्ध आठव्याची मालिका बहुतेकदा एकतर्फी होते, त्यामुळे चौथ्या-पाचव्याची किंवा तिसऱ्या-सहाव्याची मालिका घ्यावी. आवडता खेळाडू असलेला संघ निवडण्यातही काही वावगे नाही, पण त्या मालिकेतील दुसऱ्या संघाबद्दलही तुम्हाला थोडी आस्था वाटली पाहिजे. नाही तर अर्धीच गोष्ट दिसते.

सरावासाठी एखादी जुनी मालिका पाहायची असेल, तर मी प्रत्येकाला २०२३ ची सॅक्रामेंटो किंग्ज विरुद्ध गोल्डन स्टेट वॉरियर्स ही पश्चिम विभागातील पहिल्या फेरीची मालिका सुचवतो आणि या लेखातही पुन्हा पुन्हा तिच्याकडेच वळणार आहे. किंग्जचे प्रमुख मालक विवेक रणदिवे हे मूळचे मुंबईचे. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये वरळीच्या डोममध्ये एनबीएचे भारतातील पहिले दोन सराव सामने झाले, तेव्हा इंडियाना पेसर्ससमोर उतरलेला संघ हाच होता. पण माझी शिफारस या नात्यापुरती नाही. २००६ नंतर सलग सोळा हंगाम किंग्जला प्लेऑफ गाठता आले नव्हते. २०२३ मध्ये तिसरे मानांकन मिळवून ते परतले आणि समोर कोण, तर आदल्याच वर्षीचे विजेते. सॅक्रामेंटो आणि वॉरियर्सचे सॅन फ्रान्सिस्को या दोन्ही शहरांमध्ये गाडीने जेमतेम दोन तासांचे अंतर. संघाच्या प्रत्येक विजयानंतर मैदानाच्या छतावरून आकाशात जांभळ्या प्रकाशाचा झोत सोडण्याची प्रथा त्या हंगामात किंग्जने सुरू केली होती, आणि सोळा वर्षे वाट पाहिलेले लोक त्या झोताकडे कसे पाहत होते हे चित्रणात दिसते.

चौथी पायरी : लागतील तेवढेच नियम

बारा मिनिटांचे चार क्वार्टर असतात. बरोबरी झाल्यास पाच मिनिटांचा जादा वेळ दिला जातो. चेंडू हाती आल्यापासून चोवीस सेकंदांत फेक झालीच पाहिजे. कबड्डीत तीस सेकंदांची चढाई पाहण्याची सवय असेल, तर हा ताण लगेच ओळखीचा वाटेल. फेक रिंगला लागून चुकली आणि चेंडू त्याच संघाने पकडला, तर त्याला नवे चौदा सेकंद मिळतात. एका खेळाडूचे सहा फाउल झाले की तो सामन्याबाहेर जातो. एका क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल झाले की प्रतिस्पर्धी ‘बोनस’मध्ये जातो, म्हणजे पाचव्यापासून पुढच्या प्रत्येक साध्या फाउललाही त्याला दोन फ्री थ्रो, म्हणजे कोणी न अडवता टाकायच्या प्रत्येकी एका गुणाच्या फेकी, मिळतात. हा बोनस कबड्डीतल्या बोनस गुणाहून अगदी वेगळा आहे, त्यामुळे गल्लत करू नये. बाकीचे नियम पाहता पाहता कळतात.

पाचवी पायरी : पहिल्या सामन्यात चेंडूकडे कमी पाहा

हा सल्ला विचित्र वाटेल, पण तोच सर्वांत उपयोगी आहे. पहिल्या सामन्यात, विशेषतः पहिल्या क्वार्टरमध्ये, कोण कोणाला अडवतो आहे एवढेच पाहावे. मी एका वहीत दोन्ही संघांचे पाच-पाच खेळाडू समोरासमोर लिहितो आणि जो ज्याच्यावर पहारा ठेवतो त्यांच्यामध्ये रेघ ओढतो. मालिका पुढे सरकते तशा या रेघा बदलतात, आणि मालिकेचा खरा इतिहास गुणफलकापेक्षा त्या रेघांमध्येच अधिक वाचता येतो.

त्यानंतर एक डाव ओळखायला शिकावे. त्याला ‘पिक अँड रोल’ म्हणतात आणि एका सामन्यात तो कित्येक वेळा दिसतो. चेंडू खेळवणाऱ्याचा सहकारी त्याच्यावर पहारा देणाऱ्याच्या वाटेत भिंतीसारखा उभा राहतो. आता बचाव करणाऱ्यांपुढे पर्याय असतात: आपापल्या माणसामागे कसेही करून जायचे, की माणसांची अदलाबदल करायची. अदलाबदलीला ‘स्विच’ म्हणतात. साखळीत ती सहज चालून जाते, पण प्लेऑफमध्ये प्रतिस्पर्ध्याला आठ-दहा दिवस अभ्यासाला मिळतात, आणि तुमच्या पाचांमधला बचावात कच्चा कोण हे हेरून तो प्रत्येक वेळी त्याच खेळाडूला स्विचमध्ये ओढू लागतो. २०१६ च्या अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात ८९-८९ अशी बरोबरी असताना क्लीव्हलँडच्या कायरी अर्व्हिंगने ५३ सेकंद शिल्लक असताना दूरच्या रेषेबाहेरून टाकलेला तीन गुणांचा बास्केट सर्वांना आठवतो. पण त्याच्या आधीचे काही क्षण पुन्हा पाहिले, तर वॉरियर्सच्या स्टीफन करीला स्विच करायला लावून त्याच्यासमोरच ती फेक घेतली गेली हे दिसते. ज्या संघाने साखळीत ८२ पैकी ७३ सामने जिंकण्याचा विक्रम केला होता, त्याला ३-१ अशा आघाडीनंतर हरवणारी ती फेक अशी घडवून आणलेली होती.

सहावी पायरी : दोन सामन्यांच्या मधल्या दिवशी विचार करा

माझ्या मते प्लेऑफचा सर्वांत समृद्ध भाग टीव्हीवर दिसतच नाही. हरलेला प्रशिक्षक पुढच्या सामन्यात काय बदलेल, याचा अंदाज मधल्या दिवशी स्वतः करून पाहावा आणि तो वहीत लिहावा. बदल साधारणपणे तीन प्रकारचे असतात: कोण कोणाला अडवणार, कोण सुरुवातीला उतरणार, आणि खेळ किती वेगाने होणार.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण २०१५ च्या अंतिम मालिकेतील आहे. क्लीव्हलँडविरुद्ध १-२ असे मागे असताना वॉरियर्सचे प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी चौथ्या सामन्यात उंच सेंटर (रिंगजवळ खेळणारा खेळाडू) अँड्र्यू बोगट याला बसवून आंद्रे इग्वोडाला याला सुरुवातीपासून उतरवले. ही कल्पना निक युरेन या त्यांच्या तरुण सहायकाने जुन्या सामन्यांची चित्रणे पाहून सुचवली होती. लहान चणीचा हा संघ वेगाने खेळू लागला, पुढचे तिन्ही सामने जिंकला, आणि साखळीत एकदाही सुरुवातीच्या पाचांत नसलेला इग्वोडाला अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

किंग्ज-वॉरियर्स मालिकेत असे बदल जवळजवळ प्रत्येक सामन्यात दिसतात. पहिल्या सामन्यात डिआरॉन फॉक्सने आपल्या पहिल्याच प्लेऑफ सामन्यात ३८ गुण केले आणि किंग्ज १२६-१२३ जिंकले. दुसराही त्यांनीच जिंकला, आणि त्या सामन्यात खाली पडलेल्या डोमांटास सबोनिसच्या छातीवर पाय दिल्याबद्दल वॉरियर्सच्या ड्रेमंड ग्रीनवर तिसऱ्या सामन्याची बंदी आली. बचावाचा कणाच नसलेला संघ तिसरा सामना हरणार असे वाटत असताना वॉरियर्सनी तो ११४-९७ असा सहज जिंकला. त्यात केव्हॉन लूनी या फारशा गाजावाजा नसलेल्या सेंटरने २० रिबाउंड घेतले, म्हणजे चुकलेल्या फेकींचे २० चेंडू पकडले. मग चौथ्या सामन्यात ग्रीन परत आला, तरी कर यांनी तिसऱ्या सामन्यातील सुरुवातीचे पाच तसेच ठेवून त्याला बेंचवरून आणले. त्या दिवशी माझ्या वहीतला अंदाज पूर्णपणे चुकला होता, आणि तो का चुकला हे शोधताना मला या खेळाबद्दल जे कळले ते अनेक बरोबर अंदाजांतून कळले नव्हते.

या टप्प्यावर आणखी एका गोष्टीची नोंद ठेवावी. साखळीत नऊ-दहा खेळाडूंना आलटून पालटून खेळवणारा प्रशिक्षक प्लेऑफमध्ये सात-आठांवर येतो आणि प्रमुख खेळाडू चाळीस मिनिटे किंवा त्याहून अधिक वेळ मैदानावर राहतात. कोणाची मिनिटे कमी होत चालली आहेत हे पाहिले, की प्रशिक्षकाचा भरवसा कोणावरून उडाला आहे ते न सांगता कळते.

सातवी पायरी : घर आणि परगाव

घरच्या प्रेक्षकांचा परिणाम होतो, पण तो कुठे होतो हे नेमके पाहावे. मुख्य खेळाडू बाहेरगावीही बहुधा आपल्या दर्जाने खेळतात. डगमगतात ते बेंचवरून येणारे, आणि त्यांच्या तीन गुणांच्या फेकी चुकू लागतात. फ्री थ्रो दहा सेकंदांत टाकावा लागतो, म्हणून २०२१ मध्ये यानिस आंतेतोकुम्पो वेळ घेत असे तेव्हा प्रतिस्पर्धी शहरांतले प्रेक्षक मोठ्याने सेकंद मोजत. त्याच यानिसने अंतिम मालिकेच्या सहाव्या सामन्यात, घरच्या मैदानावर, १९ पैकी १७ फ्री थ्रो टाकून ५० गुण केले आणि बक्सला विजेतेपद मिळवून दिले.

तरीही आकड्यांवर आंधळा विश्वास नको. २०२३ च्या साखळीत वॉरियर्सनी घरी ३३ सामने जिंकले होते आणि बाहेर ४१ पैकी केवळ ११. त्या आकड्यांवरून सॅक्रामेंटोत ते जिंकतील असे कोणी म्हटले नसते, पण पाचवा सामना त्यांनी तिथेच जिंकला.

आठवी पायरी : शेवटची दोन मिनिटे वाचायला शिका

या दोन मिनिटांना प्रत्यक्षात पंधरा मिनिटेही लागतात आणि नवा प्रेक्षक इथेच कंटाळतो. कारण समजले की कंटाळा जातो. मागे असलेला संघ मुद्दाम फाउल करतो, कारण त्यामुळे घड्याळ थांबते आणि दोन फ्री थ्रोंनंतर चेंडू त्याच्याकडे येतो. या काळात टाइमआउट घेतला, की संघाला आपल्या बाजूने लांबून येण्याऐवजी चेंडू थेट पुढच्या अर्ध्या भागातून खेळात आणता येतो. म्हणून राखून ठेवलेला टाइमआउट सोन्यासारखा असतो. प्रशिक्षकाने पंचांच्या निर्णयाला दिलेले आव्हान फसले, तर एक टाइमआउट जातो.

हे सगळे एकत्र पाहायचे असेल, तर किंग्ज-वॉरियर्स मालिकेचा चौथा सामना घ्यावा. वॉरियर्स पाच गुणांनी पुढे होते, एक मिनिटाहून कमी वेळ उरला होता, आणि फसलेल्या आव्हानात त्यांचा शेवटचा टाइमआउट गेला होता. कोंडीत सापडलेल्या करीने नसलेला टाइमआउट मागितला. त्याबद्दल टेक्निकल फाउल (नियमभंगाचा दंड) झाला, किंग्जच्या मलिक मंकने फ्री थ्रो टाकला, चेंडूही किंग्जकडे आला आणि फॉक्सने तीन गुण मिळवून फरक एकावर आणला. शेवटच्या क्षणी किंग्जच्या हॅरिसन बार्न्सची फेक चुकली आणि वॉरियर्स १२६-१२५ जिंकले. करीसारख्या खेळाडूकडूनही अशी चूक होते, इतका त्या क्षणांचा भार असतो.

नववी पायरी : कोणत्या गोष्टींवरून निष्कर्ष काढू नयेत

तीन गुणांच्या फेकी एखाद्या दिवशी पडतच नाहीत. २०१८ मध्ये ह्यूस्टन रॉकेट्सच्या सलग २७ फेकी पश्चिम विभागाच्या अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात चुकल्या. त्यांतल्या अनेक मोकळ्या आणि योग्य होत्या. म्हणून हरलेल्या संघाने चुकीच्या फेकी घेतल्या की चांगल्या फेकी चुकल्या, हा फरक वहीत लिहावा.

दुखापतींबाबतही असेच. रॉकेट्सचा ख्रिस पॉल त्या मालिकेचे शेवटचे दोन सामने खेळू शकला नव्हता. किंग्जच्या फॉक्सचे, ज्या हाताने तो फेक करतो त्याच हाताचे बोट चौथ्या सामन्यात मोडले आणि तो तसाच खेळत राहिला. २०२५ च्या अंतिम मालिकेत पेसर्सच्या टायरीस हॅलिबर्टनने पहिला सामना ०.३ सेकंद शिल्लक असताना जिंकून दिला होता, आणि त्या संपूर्ण सामन्यात पेसर्स पुढे होते ते तेवढेच. तोच हॅलिबर्टन दुखऱ्या पोटरीनिशी सातव्या सामन्यात उतरला आणि पहिल्याच क्वार्टरमध्ये त्याच्या टाचेमागची शीर तुटली. ओक्लाहोमा सिटी थंडर तो सामना १०३-९१ जिंकून विजेते झाले. ते विजेतेपद त्यांनी कमावलेलेच होते, तरी त्या क्षणी जमिनीवर हात आपटणारा हॅलिबर्टन पाहून मला पुढचे तीन क्वार्टर नीट पाहता आले नाहीत.

दहावी पायरी : सातवा सामना

मालिका इथवर आली, तर तो सामना थेटच पाहावा, त्यासाठी रात्री जागावे लागले तरी चालेल. इथे नवे डाव फारसे दिसत नाहीत, कारण दोन्ही बाजूंचे सगळे पत्ते उघडे झालेले असतात. पाय जड झालेले असतात, फेकी आखूड पडतात, आणि चुकलेला चेंडू कोण पकडतो यावर सामना झुकतो. किंग्ज-वॉरियर्स मालिकेचा सातवा सामना ३० एप्रिल २०२३ रोजी सॅक्रामेंटोत झाला. मध्यंतराला किंग्ज दोन गुणांनी पुढे होते. सर्वांना आठवतात ते करीचे ५० गुण, कारण सातव्या सामन्यात तोवर कोणीही तेवढे केले नव्हते. पण लूनीने त्या दिवशी पुन्हा २१ रिबाउंड घेतले, आणि त्याने परत मिळवून दिलेल्या चेंडूंवर वॉरियर्सना दुसरी-तिसरी संधी मिळत गेली. सामना १२०-१०० असा संपला. तुम्ही तो पाहाल तेव्हा तिसऱ्या क्वार्टरमध्ये करीवरून नजर काढून फक्त लूनी कुठे उभा राहतो आणि सबोनिसला रिंगपासून कसा दूर ठेवतो, ते पाहा.

तुमची मालिका संपली की वही मिटवू नका. जिंकलेला संघ दोन-तीन दिवसांतच पुढच्या फेरीत उतरतो. त्याच्या पाच नावांसमोर नव्या संघाची पाच नावे लिहा आणि पहिल्या सामन्याच्या आधीच, पेन्सिलीने, रेघा ओढून ठेवा.